भोंगा वाजतोय, पण उठतंय कोण?

या शनिवारी विषय जरा रुक्ष आहे, आधीच सांगून ठेवतो. विषय आहे छोट्या मॉलमधला फायर अलार्म. मोठा, चकाचक मॉल नाही हं. मी म्हणतोय तो आपल्या उपनगरातला. तळमजल्यावर मोबाइलची दुकानं आणि एक केक शॉप. पहिल्यावर लेडीज टेलर, पार्लर, झेरॉक्स. दुसऱ्यावर कोचिंग क्लास. तिसऱ्यावर चार स्टॉल, ज्यांना मिळून 'फूड कोर्ट' म्हणायचं. सरकता जिना असतो, पण तो सरकत नाही. पंधरा-वीस वर्षांपूर्वी जिथे जागा मिळेल तिथे असे मॉल उभे राहिले. तुमच्या घरापासून दोन किलोमीटरच्या आत असा एक तरी असणारच.

माझं म्हणणं सरळ आहे. अशा मॉलमध्ये अलार्म नसणं वाईटच, पण रोज खोटा वाजणारा आणि रोज गप्प केला जाणारा अलार्म त्याहून वाईट. अलार्म नसेल तर निदान सगळ्यांना माहीत तरी असतं की नाही. असला अलार्म कागदोपत्री 'आहे', भिंतीवर दिसतो, आणि वर लोकांना रोज एक धडा शिकवतो: भोंगा वाजला की काही करायचं नसतं.

आता हे यंत्र चालतं कसं ते बघू. (इंजिनिअर आहे, इथे थोडं सहन करा.)

सिक्युरिटीच्या टेबलामागे भिंतीवर एक डबा असतो, ते पॅनेल. त्यातून तारा निघून मजल्यामजल्यावर जातात. त्या तारांवर छताला पांढऱ्या वाट्यांसारखे दिसतात ते डिटेक्टर. भिंतीवरची 'काच फोडा' वाली लाल डबी माणसांसाठी. आणि बोंब मारतो तो हूटर.

साध्या पद्धतीच्या पॅनेलमध्ये प्रत्येक तारेच्या शेवटच्या टोकाला एक रेझिस्टर असतो, दहावीच्या विज्ञानात भेटतो तोच. पॅनेल त्या तारेतून सतत थोडासा करंट सोडत असतं. ठरलेला करंट वाहतोय म्हणजे सगळं ठीक. डिटेक्टरने धूर पकडला की करंट वाढतो आणि भोंगा वाजतो. तार तुटली किंवा कोणी डिटेक्टरच काढून नेला, तर करंट थांबतो आणि पिवळा दिवा लागतो, 'फॉल्ट'. मला या डिझाइनबद्दल मनापासून आदर आहे. 'आग नाही' आणि 'आग आहे की नाही ते मला कळत नाहीये' या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे त्या डब्याला समजतं. आमच्या क्षेत्रातल्या भल्याभल्या सिस्टीम्सना हे समजत नाही. त्या गप्प बसतात आणि आपण समजतो की सगळं छान चाललंय.

पण त्या डब्याला फक्त तारा दिसतात, छत दिसत नाही. दुकानदाराने फॉल्स सीलिंग केलं आणि डिटेक्टर त्याच्या वर अंधारात राहिला, तर करंट ठरल्याप्रमाणे वाहतच राहतो. सुतारकामाची धूळ नको म्हणून कोणी डिटेक्टरला प्लास्टिकची पिशवी बांधली आणि सोडायला विसरला, तरी पॅनेलवर हिरवा दिवा. मधे नवी भिंत आली, एका गाळ्याचे दोन झाले, कपड्याच्या दुकानाच्या जागी वडापाव आला, तरी हिरवा दिवा. आपण कोडमध्ये एक ओळ बदलली तरी सगळं पुन्हा तपासायला लावतात. इथे अख्खी इमारत आतून बदलते आणि तपासत कोणी नाही.

आता खोटा अलार्म का वाजतो? धूर ओळखणारा नेहमीचा डिटेक्टर प्रकाशावर चालतो. आत एक काळी कोठडी, त्यात एक छोटा दिवा आणि प्रकाश टिपणारा सेन्सर. दोघं एकमेकांसमोर नसतात, त्यामुळे एरवी दिव्याचा प्रकाश सेन्सरवर पडत नाही. धुराचे कण आत शिरले की प्रकाश विखुरतो, थोडा सेन्सरवर पडतो, आणि तो ओरडतो. पण प्रकाश विखुरायला कण धुराचाच लागतो असं कुठाय? प्लायवूड कापल्याची धूळ चालते. डोशाच्या तव्यावरची वाफ चालते. आत शिरलेला किडाही चालतो. आणि आपल्याकडची खास गोष्ट म्हणजे सकाळी शटर उघडल्या उघडल्या प्रत्येक गाळ्यात लागणारी उदबत्ती आणि धूप. डिटेक्टरच्या बरोब्बर खाली देव्हारा असेल तर तो बिचारा काय करणार?

यावर उपाय आहेत, आणि ते काही रॉकेट सायन्स नाही. स्वयंपाकाच्या जागी धुराऐवजी उष्णता ओळखणारा डिटेक्टर लावायचा. धूळ बसलेले नियमित साफ करायचे. जुने झालेले बदलायचे, ते काही कायमचे नसतात. देव्हारा हलत नसेल तर डिटेक्टर हलवायचा. हे सगळं कंटाळवाणं काम आहे आणि त्यासाठी कोणाला तरी वेळ आणि पैसे द्यावे लागतात. त्यापेक्षा पॅनेलवर एक सोपं बटण असतं, भोंग्याचा आवाज बंद करायचं. दुसरं त्याहून सोपं असतं, तो झोनच बाजूला काढायचं.

झोन म्हणजे काय, हा यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. साधं पॅनेल एवढंच सांगतं की 'तिसरा मजला'. तिथल्या पंधरा-वीस डिटेक्टरपैकी कोण ओरडला, हे ते सांगू शकत नाही. महागडं अ‍ॅड्रेसेबल पॅनेल नेमका डिटेक्टर सांगतं आणि फक्त तेवढाच बंदही ठेवता येतो. बिल्डरने पैसे वाचवून साधं पॅनेल लावलं असेल, तर एका डोसेवाल्यापायी अख्खा मजला बंद करावा लागतो.

माझ्या मावशीचं अशाच एका मॉलमध्ये पहिल्या मजल्यावर ब्लाउज शिवून देण्याचं दुकान आहे. दहा बाय बाराचा गाळा, दोन मशिनं, हाताखाली एक मुलगी, आणि चारही भिंतींना छतापर्यंत कापड. सकाळी दहा ते रात्री नऊ ती तिथेच असते. गेल्या दिवाळीनंतर एकदा संध्याकाळी मी तिला न्यायला गेलो होतो. मी स्टुलावर बसतोय न बसतोय तोच भोंगा सुरू झाला. समोर एक बाई लेस निवडत होत्या. त्यांनी नुसता आवाज चढवला, "ही नको, ती बारीक दाखवा!" मावशीनेही आवाज चढवला, "तीस रुपये मीटर!"

मी म्हटलं, "मावशी, खाली चल आधी."

"अरे बस रे, थांबेल आत्ता. रोजचंच आहे ते. गिऱ्हाईक सोडून कुठे येऊ?"

मी एकटाच खाली गेलो. पॅनेलपाशी सिक्युरिटीचे काका उभे होते, कंत्राटी, पन्नाशीचे. त्यांनी शांतपणे बटण दाबलं आणि भोंगा थांबला. मी विचारलं, "काका, वर जाऊन बघितलं का कोणी?" ते म्हणाले, "पहिल्यावर फर्निचरचं काम चाललंय साहेब, त्याचंच असणार." म्हणजे बघितलं नव्हतं. मग माझी नजर पॅनेलवर गेली. एका दिव्यावर काळी चिकटपट्टी लावलेली. "हे काय?" "तो तिसऱ्याचा झोन. बंदच असतो. डोसेवाल्याने तवा तापवला की वाजतं, मग वरचे सगळे येऊन मला शिव्या देतात. दिवाळीच्या आधीपासून बंदय. तो पिवळा दिवा रात्री डोळ्यावर येतो म्हणून पट्टी."

'मला कळत नाहीये' असं प्रामाणिकपणे सांगणारा तो एकच दिवा, त्यालाही पट्टी!

मला त्या काकांचा राग आला नाही, अजूनही नाही. भोंगा वाजला आणि त्यांनी तो वाजू दिला, तर तीस माणसं खाली येऊन त्यांच्यावर ओरडणार. बंद केला तर कोणीच काही बोलणार नाही. त्यांच्या पगारात आणि त्यांच्या अधिकारात दुसरं कोणीही हेच केलं असतं. त्यांना फायर अलार्म सांभाळायला ठेवलेलंच नाही. त्यांना आवाज बंद करायला ठेवलंय.

बरं, ती लेस निवडणारी बाई तरी वेडी होती का? अजिबात नाही. १९६८ साली अमेरिकेत लाताने आणि डार्ली या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला होता. एका खोलीत माणसाला फॉर्म भरायला बसवायचं आणि भिंतीतल्या झडपेतून हळूहळू धूर सोडायचा. माणूस एकटा असेल तर चारातल्या तिघांनी बाहेर जाऊन सांगितलं. पण सोबत दोन माणसं अशी बसवली की जी धुराकडे दुर्लक्ष करत फॉर्म भरत राहतील, तर दहांतल्या एकानेच सांगितलं. बाकीचे धूर हाताने बाजूला सारत फॉर्म भरत बसले! आपण धूर बघत नाही, शेजारचा काय करतोय ते बघतो. आणि मॉलमध्ये शेजारचा लेस निवडत असतो.

दुसरा प्रयोग मला जास्त कामाचा वाटतो. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या एका भूमिगत मेट्रो स्टेशनात प्रू आणि साइम या संशोधकांनी स्टेशन रिकामं करून पाहिलं, वेगवेगळ्या पद्धतींनी. अभ्यास प्रसिद्ध झाला १९९१ मध्ये. नुसती घंटा वाजवली तेव्हा लोक जागचे फारसे हललेच नाहीत. स्पीकरवरून माणसाच्या आवाजात काय झालंय आणि कुठून बाहेर पडायचं हे सांगितलं, तेव्हा लोक भराभर निघाले. म्हणजे भोंगा हा फक्त प्रश्न विचारतो, उत्तर देत नाही. आणि ज्या मॉलमध्ये तोच प्रश्न रोज विचारून रोज मागे घेतला जातो, तिथे तो ऐकूच येईनासा होतो.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात, आजवर काही झालं का? झालंय, मॉलमध्येच. २५ मार्च २०१८ला रशियातल्या केमेरोवो शहरात 'विंटर चेरी' नावाचा मॉल पेटला. आधीचा मिठाईचा कारखाना, त्याचा मॉल केलेला. रविवार होता आणि वरच्या मजल्यावरच्या सिनेमागृहांत मुलं बसली होती. ६० जण गेले, त्यात निम्म्याहून जास्त मुलं. तपास करणाऱ्यांनी सांगितलं की अलार्म यंत्रणा काही दिवस आधीपासून बंद होती आणि बाहेर पडायचे मार्ग अडवलेले होते. अलार्म बिघडला, म्हणून बंद पडला, बंदच राहिला, आणि मॉल मात्र चालू राहिला. काळ्या चिकटपट्टीची गोष्ट आणि ही गोष्ट यांत फरक काय, तर फक्त नशिबाचा.

इतक्या लांब जायची गरज नाही म्हणा. ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबईत नागपाड्याचा सिटी सेंटर मॉल पेटला, तो विझायला दोन दिवसांहून जास्त लागले. मार्च २०२१ मध्ये भांडुपच्या ड्रीम्स मॉलला मध्यरात्री आग लागली. वरच्या मजल्यावर कोविडचं रुग्णालय होतं, धूर तिथे पोचला आणि रुग्णांचे बळी गेले. २९ एप्रिल २०२५च्या पहाटे वांद्र्याचा लिंक स्क्वेअर मॉल जळाला, तोही काही फार मोठा नव्हे. तिन्हींची कारणं वेगवेगळी असतील. पण मॉल ही इमारत आगीच्या दृष्टीने साधी नाही, हे कळायला एवढं पुरे. बंद खिडक्या, एसीचे डक्ट, मधे उघडा चौक, आणि भिंतीभिंतीला माल. धुराला वर जायला तयार रस्ताच.

आता प्रश्न, मालक कोण? मोठ्या मॉलमध्ये बहुधा एक कंपनी मालक असते, तिची माणसं असतात, तिला विम्याची आणि नावाची काळजी असते. छोट्या मॉलमध्ये बिल्डर गाळे विकून केव्हाच मोकळा झालेला असतो. उरतात चाळीस, पन्नास, शंभर गाळेधारक. त्यातल्या निम्म्यांनी गाळा भाड्याने दिलेला. ते राहतात दुसरीकडे आणि मेंटेनन्स देतात कुरकुरत. आमच्याकडे ज्या कोडला कोणी मालक नसतो तो सगळ्यात आधी सडतो, आणि तो सडलाय हे सगळ्यात शेवटी कळतं. तसंच हे.

कायदा आहे. 'महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६' असं त्याचं भारदस्त नाव. त्यानुसार इमारतीच्या मालकाने किंवा भोगवटादाराने, परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा द्यायचं असतं, जानेवारीत आणि जुलैत. याला 'बी फॉर्म' म्हणतात. तर मावशी मला गाळेधारकांच्या मीटिंगला घेऊन गेली ('आमचा भाचा इंजिनिअर आहे हो'), तिथे मी बी फॉर्म बघायला मागितला. तो होता! फायलीत, सही-शिक्क्यानिशी, ताजा. यंत्रणा सुस्थितीत. आणि खाली पॅनेलवर चिकटपट्टी.

मीटिंगमध्ये दोन विषय होते. बाहेरच्या नावाच्या पाटीला नवीन एलईडी, आणि पॅनेल बदलायचं कोटेशन. पाटी मंजूर झाली. पॅनेलवर एक काका म्हणाले, "आग लागली तर वास येतोच की." दुसरे म्हणाले, "माझा गाळा तळाला आहे, मी तिसऱ्या मजल्याचे पैसे का देऊ?" तिसरे जरा समजूतदार. ते म्हणाले, "भोंगा खरंच वाजवत राहिलो तर लोक घाबरून चेंगराचेंगरी होईल, त्याचं काय?" विषय पुढच्या मीटिंगला ढकलला गेला.

या तिसऱ्या काकांचा मुद्दा मी खोडून काढणार नाही, कारण तो खरा भीतीचा आहे. पण बहुतेक वेळा उलटंच होतं. लोक वेड्यासारखे पळत सुटत नाहीत. ते बसून राहतात, बिल भरतात, पिशवी शोधतात, आणि धूर दिसल्यावर, म्हणजे उशीर झाल्यावर, सगळे एकदम त्याच एका दाराकडे येतात. चेंगराचेंगरी होते ती या उशिरामुळे. लवकर आणि स्पष्ट सांगणं हाच तिच्यावरचा उपाय.

तळमजल्याच्या काकांनाही उत्तर आहे. धूर वर जातो हे बरोबर, पण फायर ब्रिगेडचं पाणी खाली येतं. आणि जळालेल्या मॉलच्या तळमजल्यावर कोणी मोबाइल घ्यायला येत नाही.

मग करायचं काय? माझ्या मते चार गोष्टी, आणि त्यांतल्या तीन जवळजवळ फुकट.

पहिली, पॅनेलपाशी एक वही. भोंगा वाजला की तारीख, वेळ, झोन, आणि कारण. 'खोटा अलार्म' असं कारण लिहायचं नाही, ते कारणच नव्हे. 'गाळा अमुक, धूप' हे कारण. एकाच कारणाने दुसऱ्यांदा वाजला तर त्या डिटेक्टरचं काहीतरी करायचं. आमच्याकडे रात्री अलर्ट सांभाळणाऱ्यांचा एक नियम असतो: फालतू अलर्ट दुरुस्त करा किंवा विचार करून काढून टाका, पण नुसता म्यूट करू नका. म्यूट केलेला अलर्ट हा पट्टी लावलेला दिवाच.

दुसरी, झोन बंद करायचा तर कोणीतरी सही करायची, आणि तो परत चालू कधी होणार ते लिहायचं. तोवर त्या मजल्यावर माणूस फिरता ठेवायचा.

तिसरी, ड्रिल शनिवारी संध्याकाळी सातला. मंगळवारी सकाळी अकराला रिकाम्या मॉलमध्ये दहा सिक्युरिटीवाले रांगेत बाहेर जातात आणि फोटो काढतात, ते ड्रिल नव्हे, ते फोटोसेशन. आणि स्पीकरवर मराठीत, हिंदीत सरळ वाक्य बोलायचं: आग कुठे आहे, कुठल्या जिन्याने उतरायचं. ज्या स्पीकरवर दिवसभर सेलच्या जाहिराती वाजतात, तोच चालेल.

चौथीला पैसे लागतात: पॅनेल बदलणं. पण पन्नास गाळ्यांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला जे येतं, त्याहून जास्त खर्च आपण गाळ्याच्या काचेवर करतो.

आणि आपण, म्हणजे ज्यांचा गाळा नाही, नुसते पिझ्झा खायला किंवा ब्लाउज आणायला जातो ते? आपल्या हातात एक गोष्ट आहे. भोंगा वाजला की उठायचं. पाणीपुरीची प्लेट हातात असेल तर ठेवायची आणि जिन्याने खाली यायचं. लोक बघतील, बघू देत. त्या १९६८च्या खोलीतलं गणित आठवा. सोबतचे दोघं बसून राहिले म्हणून तो तिसरा बसला होता. उठणारा एक दिसला की दुसऱ्याला उठायची लाज वाटत नाही. खाली आल्यावर सिक्युरिटीवाल्याला शिव्या देऊ नका. शांतपणे एवढंच विचारा, "काका, कशामुळे वाजला?" हा प्रश्न रोज दहा जणांनी विचारला, तर त्यांना वर जाऊन बघावंच लागेल.

मावशीशी माझं ठरलंय. भोंगा वाजला की ती गिऱ्हाइकाला हाताला धरून खाली आणणार. "लेस कुठे पळून जात नाही," असं म्हणायचं ठरलंय तिचं. आत्तापर्यंत दोनदा उतरली. दोन्ही वेळा काही नव्हतं. शेजारचा पार्लरवाला हसला. दुसऱ्या वेळी मात्र तिच्याकडची मुलगी न सांगता आधी उठली.